जपमाळ कोणती घ्यावी: तुळस, रुद्राक्ष की स्फटिक, आणि मणी केवढा असावा?

वाघूरकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. येत्या चातुर्मासापासून ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी मंत्राचा रोज नेमाने जप करावा, असा संकल्प आहे. आजवर जप होत असे तो स्वयंपाक करताना किंवा भुसावळ-जळगाव गाडीत बसल्या बसल्या, आणि त्याची मोजदाद कधी ठेवली नव्हती. आता आसनावर बसून माळेवर जप करायचा आहे, पण माळ घेण्याच्या पहिल्याच पायरीवर मतामतांचा गलबला झाला आहे.

सासूबाई माळकरी आहेत. त्यांच्या मते तुळशीखेरीज दुसरी माळ हातात धरू नये. मामा म्हणतात, रुद्राक्ष कोणत्याही देवतेच्या जपाला चालतो. दुकानदाराने या दोघांनाही बाजूला सारून स्फटिकाची माळ पुढे केली आणि ‘उन्हाळ्यात हीच बरी, हाताला गार लागते’ असे सांगितले. ते ऐकायला बरे वाटले, पण जपाचा आणि गारव्याचा संबंध मला कळला नाही. जाणकारांनी कृपया सांगावे की मंत्रानुसार माळ ठरते का, सासूबाईंनी देऊ केलेली गळ्यातली जुनी माळ जपाला वापरता येते का, आणि मणी लहान घ्यावेत की मोठे? दुकानात मापे इतकी होती की मी काहीच न घेता परत आले.

पांझराकाठ

ताई, मामा आणि सासूबाई दोघेही आपापल्या परंपरेप्रमाणे बरोबर सांगत आहेत, त्यामुळे घरात वाद वाढवू नये. सर्वसाधारण रूढी अशी आहे की विष्णू, राम, कृष्ण आणि विठ्ठल यांच्या जपाला तुळस, शिवाच्या जपाला रुद्राक्ष आणि देवीच्या जपाला स्फटिक किंवा रक्तचंदन वापरावे. लक्ष्मीच्या काही अनुष्ठानांत कमळगट्ट्याची माळ सांगतात. एरंडोलजवळच्या पद्मालयाचे तळे पाहिलेल्या माणसाला कमळगट्टा वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण कमळाचेच ते वाळून टणक झालेले बी होय. बगलामुखीच्या जपाला हळकुंडाची माळ लागते. पण हे शेवटचे दोन प्रकार विशिष्ट अनुष्ठानांसाठी असल्यामुळे गुरूंनी सांगितल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. रुद्राक्ष सर्व देवतांना चालतो, हेही अनेक परंपरांत मान्य आहे.

आपला मंत्र रामाचा आहे आणि घराला वारीचे वळण आहे. मुक्ताईच्या पालखीच्या मुलखात राहून तुळस सोडून दुसरे काही शोधण्याची गरज मला दिसत नाही.

गळ्यातली माळ मात्र जपाला वापरू नये. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळस ही त्याने घेतलेल्या नेमाची खूण असते. ती अंगावर असते, घाम झेलते, चारचौघांत वावरते. जपाची माळ झाकून ठेवायची असते, म्हणून तर गोमुखी, म्हणजे आत हात घालून जप करायची कापडी पिशवी, शिवतात. शिवाय गळ्यातल्या माळेला बहुधा मेरुमणी, म्हणजे माळ जिथे सुरू होते आणि संपते तिथला मणी, धड नसतो आणि मण्यांची संख्याही १०८ असेलच असे नाही. सासूबाईंना दुखवू नका. त्यांची माळ प्रसाद म्हणून देवघरात ठेवा आणि जपाला नवी घ्या.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी ठिकठिकाणच्या मठांतून जमवलेली रामदासी बाडे, म्हणजे जुनी हस्तलिखिते, आमच्या धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवली आहेत. आपला मंत्र ज्या परंपरेने महाराष्ट्रभर नेला, तिची कागदपत्रे आपल्याच मुलखात आहेत, म्हणून चातुर्मासाआधी एकदा येऊन जावे.

पटवेकरी_आप्पा

माळ कशाची घ्यावी, हे वर सांगून झाले आहे. ती कशी गाठवलेली असावी, यावर मी लिहितो, कारण आमच्या घरात हेच काम चालत आले आहे आणि जपात माणूस अडखळतो तो मण्याच्या जातीमुळे क्वचित आणि गाठीमुळे नेहमी.

मापापासून सुरुवात करू. जपाला ६ ते ८ मिलिमीटरचा मणी सर्वांत सोयीचा पडतो. त्याहून बारीक मणी अंगठ्याला नीट सापडत नाही आणि एकाऐवजी दोन सरकतात. ८ मिलिमीटरचे १०८ मणी म्हणजे नुसत्या मण्यांचीच लांबी ८६४ मिलिमीटर झाली. त्यात गाठींची जागा धरली की माळ मीटरभर होते, म्हणजे हातात धरल्यावर अर्धा मीटर खाली लोंबते. १२ मिलिमीटरचे मणी घेतले तर ती जमिनीला लागेल आणि गोमुखीत तिचा गुंता होईल. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्यांनी मात्र १० मिलिमीटरचा मणी घ्यावा आणि १०८ ऐवजी ५४ किंवा २७ मण्यांची लहान माळ करून घ्यावी. ५४ च्या दोन फेऱ्यांचे किंवा २७ च्या चार फेऱ्यांचे १०८ होतात. अशी २७ मण्यांची स्मरणी प्रवासातही बरी पडते.

दुसरी गोष्ट भोकाची. मणी घेताना डोळ्यांसमोर धरून आरपार पाहावे. भोक मधोमध नसेल तर मणी लवंडतो आणि माळ वाकडीतिकडी चालते. भोकाची कड खरबरीत असेल तर ती दोरा कापते. भोक फार मोठे असेल तर गाठ मण्यात शिरते आणि गाठ मारल्याचा उपयोगच संपतो.

आता गाठ. दोन मण्यांच्या मध्ये गाठ हवीच. आमच्याकडे अडीच फेऱ्यांची ब्रह्मगाठ मारतात. गाठीमुळे मणी मण्यावर घासत नाही, माळ तुटली तरी मणी घरभर पांगत नाहीत आणि बोटाला प्रत्येक मणी वेगळा जाणवतो. परंतु गाठी करकचून आवळलेल्या असतील तर माळ काठीसारखी ताठ होते आणि अंगठ्याने मणी ओढताना सगळी माळच ओढली जाते. मणी आपल्या जागी थोडा पुढेमागे हलला पाहिजे. मशीनवर ओवलेल्या, बिनगाठीच्या स्वस्त माळा मिळतात, त्यांत मणी ढिले पडले की एका झटक्यात चार पुढे जातात आणि मोजणारा बिचारा आपला वेग वाढला म्हणून खूश असतो.

दोरा सुती असेल तर हाताला मऊ लागतो, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम पिऊन तो काळा पडतो आणि कुजतो. रेशीम टिकाऊ असते. नायलॉन तुटत नाही, मात्र त्याला गाठ धरत नाही. काही दिवसांनी ती सुटून सरकते. मी रेशीम सुचवीन. ते नसेल तर चांगला पिळाचा जाड सुती दोरा घ्यावा आणि वर्षा-दोन वर्षांनी माळ पुन्हा गाठवून घ्यावी.

खरेखोटेपणाबद्दलही लिहितो, कारण फसवणूक भरपूर आहे. तुळशीचे खोड मुळातच बारीक असते, त्यामुळे गुळगुळीत, एकसारखे आणि बोराएवढे मणी कोणी तुळशीचे म्हणून दाखवू लागला तर ते दुसऱ्या लाकडाचे समजावेत. खऱ्या तुळशीचा मणी हलका असतो, रंगात थोडा फरक असतो आणि रेषा दिसतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून रंग उतरला तर तो रंगवलेला आहे.

रुद्राक्षाचे म्हणाल, तर ‘पाण्यात बुडला तो खरा’ ही कसोटी निरुपयोगी आहे. वाळलेला खरा रुद्राक्ष तरंगू शकतो आणि जड लाकडात कोरलेला खोटा बुडू शकतो. तांब्याच्या दोन नाण्यांमध्ये ठेवून फिरवून दाखवणे हा तर निव्वळ हातचलाखीचा खेळ आहे. रुद्राक्ष हे फळातले कठीण बी आहे. त्याच्या रेषा वरून खालपर्यंत अखंड आणि खोल असतात, कोरलेल्या रेषा मध्येच उथळ होतात. जपासाठी पाचमुखीच घ्यावा. तो सर्वांत जास्त पिकतो, म्हणून स्वस्त असतो, आणि स्वस्त वस्तूची नक्कल करण्यात कोणाला फारसा फायदा नसतो. नेपाळी दाणा मोठा असतो. जपाच्या माळेला जावा बेटाकडचा लहान दाणा सोयीचा पडतो.

स्फटिक म्हणून काच खपवली जाते. काचेत पुष्कळदा हवेचे गोल बुडबुडे दिसतात, स्फटिकात तसे दिसत नाहीत. स्फटिक काचेहून कठीण असल्याने काचेवर ओरखडा काढतो, पण दुकानदार तेवढी मुभा देणार नाही. ताई, तुमच्या दुकानदाराने गारव्याचे सांगितले ते खरेच आहे. स्फटिक हातातली उष्णता काचेपेक्षा लवकर ओढून घेतो. मात्र तो दगडाचा गुण झाला, जपाचा नव्हे. स्फटिकाची माळ जड असते आणि फरशीवर पडली की मण्यांच्या कडा उडतात, हे त्याने सांगितले नसावे.

कोरडवाहू

आप्पा, एवढे वाचून माळेची भीतीच वाटायला लागली. आम्ही शेतावरची माणसे बोटांच्या पेरांवर जप करतो. ताईंनी हेही जाणून घ्यावे, म्हणजे माळ घरी राहिली तरी नेम मोडणार नाही. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात करावी, तिच्या खालच्या पेरावर यावे, मग करंगळीचे खालचे, मधले आणि वरचे पेर घ्यावे. तिथून अनामिकेचे वरचे, मध्यमेचे वरचे आणि शेवटी तर्जनीचे वरचे, मधले, खालचे पेर. अशी दहा झाली. मध्यमेची उरलेली दोन पेरे मेरू समजून सोडून द्यायची. उजव्या हातावर दहा आणि डाव्या हाताच्या पेरांवर अशा दहांची गणती ठेवली की शंभर होतात. यालाच करमाला म्हणतात. मोटारीवर पाणी सोडून बांधावर बसले की दुसरे काय करायचे असते?

पुण्यातला_खानदेशी

बोटात अडकवायचे एक बटणाचे यंत्र मिळते, ते दाबले की आकडा पुढे जातो. मोबाइलवर जपमोजणीची ॲपही आहेत. कंपनीच्या बसमध्ये माळ काढायला संकोच वाटतो, म्हणून मी यंत्र वापरतो. यात काही दोष आहे का?

पांझराकाठ

दोष म्हणणार नाही, पण फरक मोठा आहे. यंत्र प्रत्येक मंत्रागणिक आकडा डोळ्यांपुढे धरते. माळेचे काम नेमके याच्या उलट आहे: बोटांकडे मोजणी सोपवून मनाला त्या कामातून मोकळे करणे. चाळिसावा मणी आणि पंचाहत्तरावा मणी बोटांना सारखेच लागतात, मेरू येईपर्यंत किती झाले ते जपणाऱ्याला कळत नाही, आणि ते कळू नये हाच हेतू आहे. यंत्र वापरायचेच असेल तर त्याचा आकडा खाली वळवून ठेवावा किंवा फक्त माळा मोजायला ते वापरावे. तसा त्याचा उपयोग चांगला होईल. मला स्वतःला पूर्ण झालेल्या माळा मोजण्यासाठी वाटीतले तांदळाचे दाणे पुरतात.

निवृत्त_गणितमास्तर

१०८ या संख्येविषयी अद्याप कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण मिळून १०८ होतात आणि बारा राशींना नऊ ग्रहांनी गुणले तरी १०८ च होतात. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसरात्रीत २१,६०० श्वास होतात; त्याच्या निम्मे १०,८०० म्हणजे १०८ च्या शंभर माळा. यांपैकी मूळ कारण कोणते, या वादात मी पडत नाही.

व्यवहाराचा हिशेब अधिक उपयोगी आहे. १०८ मण्यांची माळ बहुतेक ठिकाणी शंभर जप म्हणून धरतात आणि वरचे आठ चुकल्यामाकल्यासाठी सोडतात. ताईंचा मंत्र स्पष्ट उच्चारात, घाई न करता म्हटला तर सव्वादोन सेकंद लागतात, म्हणजे एका माळेला साधारण चार मिनिटे. सकाळी अर्धा तास निघत असेल तर सात माळांचा संकल्प करावा, तेरांचा करू नये. स्वामी समर्थांचे सेवेकरी रोज अकरा माळा करतात. ‘श्री स्वामी समर्थ’ हा मंत्र सहाच अक्षरांचा असल्यामुळे त्यांना तेवढ्या माळा अर्ध्या तासात बसतात. चोवीस अक्षरी गायत्रीला हाच हिशेब लावला तर घोटाळा होईल.

परंपरा सांगते की समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत याच मंत्राचा तेरा कोटी जप केला. बारा वर्षांचे ४,३८३ दिवस धरले तर रोजचा आकडा २९,६६० च्या आसपास येतो, आणि सेकंदाला एक मंत्र धरला तरी रोज सव्वाआठ तास. श्रद्धेला हात न लावता एवढेच म्हणतो की सेकंदाला एक हा वेग नवख्याने पहिल्या दिवसापासून गाठायला जाऊ नये. अक्षरे गिळली जातात.

वाघूरकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. मास्तर, सात माळांचा सल्ला पटला. आता प्रत्यक्ष वापराविषयी विचारते. माळेला तर्जनी लावू नये आणि मेरू ओलांडू नये, असे सांगतात. तर्जनी का लावायची नाही? मेरू ओलांडायचा नाही म्हणजे नेमके काय करायचे? नवी माळ पंचामृताने धुवावी, असे एकीने सांगितले आहे, ते करावे का? आणि थोडा संकोच वाटतो, पण अडचणीच्या चार दिवसांत काय करावे?

पांझराकाठ

माळ उजव्या हाताच्या मध्यमेवर ठेवावी आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढावा. तर्जनी अहंकाराची समजतात, म्हणून ती बाजूला ठेवतात. गोमुखीला तर तर्जनीसाठी बाहेर वेगळे भोकच असते. भावार्थ सोडला तरी मध्यमेवर माळ चांगली तोलली जाते, हे चार दिवसांत लक्षात येईल. हात छातीपाशी असावा, बेंबीखाली जाऊ देऊ नये. गोमुखी मांडीवर टेकवून बसणारे पुष्कळ दिसतात, त्यांना डुलकी लवकर लागते.

मेरू हा मोजायचा मणी नाही. १०८ वा मणी झाला की मेरूवरून पुढे न जाता माळ हातातच फिरवावी आणि ज्या मण्यावर थांबलो त्याच्यापासून उलट दिशेने दुसरी माळ सुरू करावी. एका हाताने ती वळवणे सुरुवातीला जमत नाही, तेव्हा डाव्या हाताची मदत घ्यायला हरकत नाही.

मोठ्याने, पुटपुटत की मनात, हे तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार आहेत आणि मनुस्मृतीने दुसऱ्या अध्यायात त्यांना चढती प्रत दिली आहे. मानस जप सर्वश्रेष्ठ. पण पहिल्याच दिवशी मानस जपाला बसणाऱ्याची माळ पुढे सरकते आणि मंत्र मागे राहतो. ओठ हलतील, पण शेजारच्याला ऐकू जाणार नाही, अशा उपांशु जपाने आरंभ करावा. माळ संपली आणि मंत्र कधी थांबला ते आठवत नसेल, तर ती माळ पुन्हा करावी.

अडचणीच्या दिवसांविषयी घरोघरची रीत वेगळी आहे. माळ न धरता मनातल्या मनात नाम घ्यायला कोणाचीच हरकत नसते. त्यापुढचे आपण आणि आपले घर ठरवावे.

साक्रीची_लेक

ताई, मी माळही थांबवत नाही. माझ्या आजीने थांबवली नव्हती, आणि तिला याविषयी विचारण्याची कोणाची छाती झाली नाही.

पटवेकरी_आप्पा

पंचामृताबद्दल कळकळीची विनंती आहे. संस्कार म्हणून दर्भाने किंवा तुळशीपत्राने चार थेंब शिंपडावेत, माळ वाटीत बुडवून ठेवू नये. दूध आणि मध भोकांत बसतात, दोरा चिकट होतो, आठवड्यात मुंग्या येतात, आणि मग लोक आमच्याकडे माळ आणून ‘मणी काळे का पडले’ असे विचारतात. तुळस आणि चंदन यांना पाण्याचेही वावडे आहे. लाकूड फुगते आणि भोके आवळतात. शिंपडून झाल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात वाळत घातली तर मणी तडकतील. रुद्राक्ष धुतला तरी चालतो, मात्र तो कोरडा पडू लागला की बोटाने तिळाचे तेल चोळावे.

कोरडवाहू

आमचा धाकटा डावखुरा आहे. तो हट्टाने डाव्या हातात माळ धरतो. त्याला टोकावे का?

पांझराकाठ

जिभाऊ, रूढी उजव्या हाताची आहे, म्हणून एकदा सांगून पाहावे. मणी ओढणे हे लिहिण्याइतके नाजूक काम नाही, बहुतेकांना जमून जाते. पण पोराचे लक्ष मंत्रावरून उडून हातावरच राहणार असेल, तर माझ्या मते त्याला डाव्या हातानेच करू द्यावे. काही जण हे मान्य करणार नाहीत, याची मला कल्पना आहे.

निवृत्त_गणितमास्तर

मी त्या काही जणांपैकी आहे. पण पोर जप करते आहे, हे पाहून गप्प बसेन.

वाघूरकाठ (धागाकर्ती)

तुळशीची माळ ठरवली आहे. मणी ७ मिलिमीटरचे आणि रेशमात गाठवायला सांगितले आहे. सासूबाईंनी त्यांची माळ देवघरात ठेवायला आनंदाने होकार दिला. शेवटची शंका विचारते. जप चालू असताना माळ तुटली तर ते अशुभ मानतात का, आणि तुटलेल्या माळेचे काय करावे? इकडे लोक चांगदेवाला तापी-पूर्णेच्या संगमावर सोडून येतात.

पटवेकरी_आप्पा

ताई, दोरा झिजला म्हणजे माळ तुटते. त्यात शुभाशुभ काही नाही. मणी वेचावेत, तेवढा जप करमालेवर पुरा करावा आणि माळ पुन्हा गाठवायला द्यावी. मणी चांगले असतील तर माळ नदीत सोडण्याचे कारणच नाही, आणि नायलॉनचा दोरा किंवा जरीचा गोंडा तर तापीत मुळीच टाकू नये. चिरलेले तुळशीचे मणी वृंदावनातल्या मातीत पुरावेत, ते तिथेच कुजून जातात. गाठवायला देताना मणी मोजून द्यावेत आणि मोजून घ्यावेत. एखादा हरवला तर जुन्या मण्यांत नवा मिसळत नाही, तो जाडही लागतो आणि उजळही दिसतो. म्हणून आता माळ घ्याल तेव्हाच त्याच घाण्यातले चार सुटे मणी मागून डबीत ठेवावेत.